बुजवलेला झिरा

"मामा, पावसाळ्यात या उतारावर कुठं पाणी निघतं का? झिरा, पाझर, नुसती ओल, काहीही?"

तनुजा म्याडमनं हे विचारलं तेव्हा व्यंकटीच्या हातात मोजणीची उंच काठी होती, आणि काठी टेकवली होती तिथून झिरा फार तर वीस पावलांवर होता. व्यंकटीनं तिकडं मान वळवली नाही. खाली सोयाबीनकडं बघत त्यानं घसा खाकरला आणि म्हणाला, "न्हाई म्याडम. कोरडा ठाक माळ हाय. गुराची जीभ भिजंल एवढंबी पानी न्हाई इथं."

"नक्की?"

"तीस साल झाले, ह्याच माळाखाली राहायलो."

म्याडमनं वहीत लिहून घेतलं. दोन ओळींचंच लिहिणं, पण ते संपेपर्यंत व्यंकटीनं काठी दोनदा या हातातून त्या हातात घेतली.

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती असं नाही. विहिरी खोदणारा माणूस तो. 'अजून दोन हात खाली जाऊ मालक, पाणी लागतंय बघा' हे त्यानं जन्मात किती जणांना सांगितलं असेल, गणती नाही. पण ते समोरच्याला धीर द्यायला बोललेलं खोटं. हे निराळं होतं, आणि ते त्याला बोलता बोलताच कळलं होतं.

निलंग्यापासून औशापर्यंत कुठल्याही गावात विचारा, व्यंकटीच्या हातची एखादी तरी विहीर निघेल. बोअरच्या गाड्या आल्या, विहिरी थांबल्या, व्यंकटीचे खांदेही थकले. आता माळेवाडीच्या माळाखाली दोन एकर, त्यात पत्र्याचं घर, घरात बायको धुरपता, पोरगा अंगद, सून गीतांजली आणि तिचं अंगावर पिणारं लेकरू. घराच्या मागच्या भिंतीपासून माळाचा उतार सुरू व्हायचा तो थेट माथ्यापर्यंत. उतार सगळा गायरान, सरकारचा. त्या गायरानातच घराच्या वरच्या अंगाला व्यंकटीनं दगड वेचून, डोक्यावर माती वाहून अर्धा एकर तुकडा केला होता. घरात त्याला पट्टी म्हणायचे.

माळाच्या माथ्यावर शिवमूर्तीआप्पांना दगडाची खदान काढायची होती. क्रशर त्यांचा आधीचाच, निलंगा रोडला. सुरुंग लावणार नाही, मशिननं फोडू, असं त्यांनी अर्जात लिहिलं होतं. पण ग्रामसभेत लोकांनी कालवा केला, उतार खाली आला तर? मग वरून हुकूम आला की उतार तपासून घ्या, खदानीच्या काठापासून किती माळ न खोदता सोडायचा ते ठरवा, मग बघू. ते तपासायला नांदेडहून तनुजा म्याडम आली होती. ती आखेल ती हद्दीची रेघ घराच्या वरच राहिली तर व्यंकटीच्या घरामागं माळ पोखरला जाणार. रेघ घराच्या खाली उतरली तर खदान बसतच नव्हती, कारण मग खदानीचा काठ मागं घ्यावा लागणार, आणि माथ्यावर तेवढी जागाच नव्हती.

म्हणजे व्यंकटीनं तर पाणी दाखवायला पाहिजे होतं. पाणी म्हटलं की रेघ खाली सरकणार, एवढं त्याला न शिकताही कळत होतं. पण झिरा त्यानं स्वतःच्या हातानं आठ दिवसांपूर्वी बुजवला होता.

त्याचं असं झालं. माळाच्या मधोमध दगडाच्या दोन थरांमध्ये गेरूचा पट्टा होता, तांबडा, हातभर जाड. वरचा दगड भेगाळ. पावसाचं पाणी त्यातून खाली उतरायचं, गेरूवर येऊन थांबायचं आणि मग आडवं चालू लागायचं. व्यंकटीनं बारा वर्षांमागं त्या पट्ट्याला पहारीनं तोंड पाडलं, पाईप पुरला, आणि पट्टीत मिरची, वांगी, मेथी घेतली. धुरपता निलंग्याच्या बाजारात पाटी घेऊन बसायची. गावाला वाटायचं बाई हंडे वाहून मिरची जगवते, आणि ती कुणाचा समज मोडत नव्हती.

पण पट्टी नावावर व्हावी म्हणून अंगदनं जी फाइल घातली होती, तिच्यात 'कोरडवाहू, तूर' लिहिलं होतं. गायरानात तूर पेरली तर कुणी वळून बघत नाही. गायरानात पाणी निघालं की अख्खं गाव घागरी घेऊन येतं आणि मागोमाग तलाठी येतो. मोजणीवाले येणार म्हणून कळलं तसा अंगद घाबरला. बापलेकांनी मिळून पाईप उपसला, तोंडात दगड ठोकले, त्यावर चिकणमाती थापली, वर एक गोणी सिमेंट लावलं आणि बाभळीच्या फांद्या टाकल्या. धुरपतानं मिरची उपटली. झाडाला कळी होती, फूल होतं, हिरवी मिरची होती. सगळी उपटून झाल्यावर तिनं विचारलं, "आवं, तोंड तर बांधलाव. आता ते पानी जाईल कुठं?"

"मुरंल की. माळ केवढा हाय."

"बारा साल वाहायलंय, आता मुरंल व्हय?"

व्यंकटीनं पहार खांद्यावर टाकली आणि घरी आला.  मनाशी त्यानं दुसराच हिशोब केला होता. म्याडमजवळ बोअरची गाडी आहे, दुर्बीण आहे, जमिनीच्या आतलं सगळं त्यांना दिसत असणार. मशिनीला पाणी दिसलं तर दिसलं, आपण दाखवलं असं होत नाही. पट्टीही राहील आणि रेघही लांब पडेल. माणूस अडाणी असला की मशिनीवर लई भरवसा ठेवतो, आणि व्यंकटी तर दगडातलं सोडून बाकी सगळ्यात अडाणी होता.

म्याडमनं त्यालाच कामावर घेतलं. काठी धरायची, खुंट्या ठोकायच्या आणि उतारावर तीन खड्डे खोदायचे, माणूसभर खोल. आतल्या थरांची माती कशी आहे ते तिला डोळ्यानं बघायचं होतं. पहिले दोन खड्डे सरळ गेले. साठीचा माणूस, पण टिकाव हातात आला की पाठ आपोआप वाकायची. मुरूम लागला तसा आवाज बदलला, मग खडक लागला तसा हात झिणझिणला. म्याडम काठावर उकिडवी बसून बघायची. वय तिशीच्या आतबाहेर, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, बुटांना चिखल.

"मामा, हा कुठला दगड म्हणता तुम्ही?"

"हा मांजऱ्या. ठिसूळ. पानी पितो. खालचा काळा तो पक्का."

"आमच्या पुस्तकात याला मोठं नाव आहे. पण तुमचं सोपं आहे," ती म्हणाली आणि वहीत 'मांजऱ्या' लिहून घेतलं. व्यंकटीला बरं वाटलं आणि लगेच त्याहून जास्त वाईट वाटलं.

तिसरा खड्डा नकाशावर जिथं पडला ती जागा झिऱ्याला लागूनच होती. म्याडमनं खूण केली तसा व्यंकटी टिकाव खाली टेकवून थांबला. बाभळीच्या फांद्या तिथंच, सिमेंट खालीच.

"तिथं नको म्याडम."

"का?"

"नागाचं वारूळ हाय. पंचमीला गावच्या बाया येतेत पूजेला. टिकाव लावलो तर गाव मला सोडणार न्हाई."

वारूळ होतं, खोटं नव्हतं. पण ते तीस पावलं वर होतं, आणि बाया पूजेला तिथं जायच्या. म्याडमनं फांद्यांकडं बघितलं, मग वर वारुळाकडं बघितलं. तिला वाटलं असेल गावाच्या श्रद्धेच्या आड आपण कशाला यायचं. "बरं, पंधरा मीटर सरकू," ती म्हणाली आणि खूण बाजूला केली.

त्या सरकवलेल्या खड्ड्यात व्यंकटी कमरेएवढा उतरला असताना शिवमूर्तीआप्पांची जीप आली. आप्पा पांढऱ्या कपड्यांत. काठाला चिखल होता म्हणून त्यांनी व्यंकटीचं घमेलं पायानं पालथं केलं आणि त्यावर उभे राहिले. काठाची माती सुटून व्यंकटीच्या डोक्यावर, मानेत, सदऱ्यात गेली. म्याडम तेव्हा खाली गाडीजवळ होती.

"काय व्यंकट, कोरडा लागला?"

"कोरडा हाय आप्पा."

"बरं झालं." आप्पा थोडं वाकले. "तुझ्या बायकोची मिरची लई झणझणीत असती म्हनं. बाजारात ऐकलो मी."

व्यंकटी टिकाव टेकवून उभा राहिला. वर बघावं तर डोळ्यांत माती जात होती.

"माळ कोरडाच बरा," आप्पा म्हणाले. "तुलाबी, मलाबी. मला कुणाच्या अर्ध्या एकरात पडायची हौस न्हाई." आणि घमेल्यावरून उतरून जीपकडं गेले.

व्यंकटीनं घमेलं सरळ केलं. बूड चेपलं होतं. त्यानं ते मुठीनं ठोकून पुन्हा वर काढलं आणि माती भरू लागला. आप्पांना सगळं मालूम होतं. आता तोंड उघडलं तर आप्पा पट्टी घालवणार, नाही उघडलं तर माळ पोखरणार. 

तिसरा खड्डा कोरडा निघाला. बोअरही कोरडा निघाला. गाडीवाल्यानं नळी वर ओढली तेव्हा व्यंकटी अगदी जवळ जाऊन उभा राहिला. आता तरी पाणी दिसेल, आता तरी मशीन आपल्या वतीनं बोलेल. नळीतून पांढरी भुकटी पडली. मशिनीला तिथलंच दिसतं जिथं तिला लावतात, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

शुक्रवारी म्याडमनं रेघ आखली. खदानीच्या काठापासून खाली सत्तर मीटर. व्यंकटीनं खुंट्या ठोकल्या. शेवटच्या खुंटीवरून त्याच्या घराचा पत्रा दिसत होता, पत्र्यावर वाळत घातलेली गोधडी दिसत होती.

"घर नव्वद मीटरवर आहे मामा," म्याडम म्हणाली. "वीस मीटर बाहेर आहात. उतार कोरडा आहे, दगड बरा आहे, काळजीचं कारण नाही. पाणी असतं तर गोष्ट वेगळी होती. ओल्या गेरूवरून आख्खा वरचा दगड घसरतो." तिनं जाताना धुरपताच्या हातची भाकर आणि ठेचा खाल्ला, लेकराच्या हातावर दहाची नोट ठेवली, आपला नंबर अंगदच्या मोबाइलमध्ये टाकला. गुरुवारी निलंग्याला सुनावणी, तिथं हा कागद द्यायचा, असं सांगून गेली.

ओल्या गेरूचं तिनं सांगायची गरजच नव्हती. औशाकडं एका विहिरीत बजरंग व्यंकटीच्या डोळ्यांदेखत गेला होता. बजरंग त्याचा जोडीदार, बावीस विहिरी दोघांनी एकत्र खोदलेल्या. पाऊस उघडून चार दिवस झाले होते, ऊन पडलं होतं. व्यंकटी दोराला धरून वर होता, बजरंग खाली घमेलं भरत होता, आणि विहिरीची एक बाजू सालपटासारखी सुटली. सुटलेल्या जागी आत काय दिसलं, तर लाल, चकाकणारा, ओला गेरू. व्यंकटी हे कुणाला सांगत नसे. पण त्या शुक्रवारपासून तो झोपेतून दचकून उठू लागला.

रविवारी आभाळ भरलं. परतीचा पाऊस त्या साली घाईला आल्यासारखा पडला. रविवार, सोमवार, मंगळवार. ओढ्याला पूर, एसटी बंद, सोयाबीन उभ्या जागी काळं पडू लागलं. सगळं गाव सोयाबीनसाठी हळहळत होतं आणि व्यंकटी घराच्या मागच्या दारात पोत्याची खोळ घेऊन माळाकडं बघत उभा होता.

"आत या की," धुरपता म्हणाली. "माळ काय पळून जायलाय?"



बुधवारी सकाळी पाऊस थांबला. गीतांजली मागं धुणं घेऊन गेली आणि तिनं हाक मारली. "मामंजी, इथं पाय रुतायलाय बघा." घराच्या मागच्या भिंतीपासून दहा हातांवर, जिथं बारा महिने ठेच लागणारी कडक जमीन, तिथं गवतातून पाणी वर येत होतं. पाऊल ठेवलं की पचकन आवाज यायचा, आणि पावलाच्या खुणेत भरणारं पाणी तांबूस होतं.

व्यंकटी उतार चढून गेला. पट्टीत सिमेंटचं ठिगळ जागच्या जागी होतं, कोरडं. त्याच्या वरच्या अंगाला, माथ्याकडं, गवतात एक काळी रेघ दिसली. त्याला आधी वाटलं साप आहे. जवळ गेला तर भेग होती. तीस-चाळीस पावलं आडवी गेलेली, आणि भेगेच्या खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा बोटभर खचलेली. त्यानं वाकून आत हात घातला. चार बोटं आडवी आत गेली. आतून गार वारा हाताला लागला.

तो तिथंच ओल्या गवतात बसला. पाण्याचं तोंड बांधलं ते त्यानं, पाणी माळाच्या पोटात चढलं ते त्याच्यामुळं, आणि खाली पत्र्याच्या घरात लेकरू पाळण्यात होतं. औशाच्या विहिरीत कुणाचीच चूक नव्हती. इथं सगळं काम त्याच्याच हातचं होतं.

खाली आला तो धापा टाकत. "घर सोडा, वरी भेग पडलीय," म्हणाला. "आत्ता. लेकरू घ्या, म्हसर सोडा, शाळेच्या वऱ्हांड्यात चला."

धुरपतानं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि एकही प्रश्न न विचारता पाळण्याची दोरी सोडली. अंगद मात्र दारात आडवा झाला. भेगेचं ऐकलं तसा तोही पांढरा पडला, पण त्याचं डोकं बापापेक्षा जोरात चालायचं.

"दादा, सिमेंट फोडून टाकू. पानी निघून जाईल. गुपचूप. म्याडमला कशाला सांगायचं?"

"अन् उद्याची सुनावणी?"

"होऊ दे की. घर तर रेघंच्या बाहेर हाय."

"ती रेघ कोरड्या माळाची हाय, अंगद. आज पानी काढलं तरी तिच्या कागदात माळ कोरडाच. उद्या आप्पाची मशीन वर लागली, खालचा पाया हादरला, पुढच्या साली झिरा पुन्हा गच्च भरला. मग कुणाला सांगायला जाशील?"

"पट्टी जाईल दादा." अंगदचा आवाज फाटला. "चार साल मी तहसीलच्या पायऱ्या चढायलो. फाइल वर गेलीय. तुमच्या एका फोनानं सगळं मातीत जाईल. अन् पडलंच न्हाई तर? माळ पडलाच न्हाई तर?"

 पडणारच असं कोण सांगणार? बजरंगलाही कुणी सांगितलं नव्हतं. व्यंकटीनं हात पुढं केला. "नंबर लाव."

अंगद हलला नाही. धुरपता लेकरू कमरेवर घेऊन आली, पोराच्या खिशातला मोबाइल तिनं स्वतः काढला आणि सुनेकडं दिला. गीतांजलीनं नंबर लावला.

"म्याडम, मी व्यंकटी बोलायलो, माळेवाडीचा. मी खोटं बोललो तुम्हाला. माळाला पानी हाय. गेरूतून येतंय. मीच बुजवलो. वरी भेग पडलीय, चार बोटाची."

 म्याडमनं पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा नव्हता. "घरात कोण आहे आत्ता?"

"बाहेर काढलो सगळ्यांला."

"चांगलं केलं. परत कुणी आत जायचं नाही. आता ऐका मामा. झिरा मोकळा करायला लागेल, पण समोर उभं राहून नाही. बाजूला थांबून, लांब पहारीनं, थोडं थोडं. जमिनीतून आवाज आला की पहार टाकून आडवं पळायचं, खाली नाही. मी निघाले."

शाळेच्या वऱ्हांड्यात बायकांना सोडून व्यंकटी वर गेला. अंगद मागून दुसरी पहार घेऊन आला. दोघं दोन बाजूंना उभे राहिले. सिमेंट बापानं लावलेलं, पक्कं बसलेलं. आठव्या-नवव्या घावाला त्याला चीर गेली. चिकणमाती फुगून बाहेर आली, मग एक दगड आपसूक गोळीसारखा उडाला, आणि लाल पाण्याचा लोट मांडीएवढा जाड होऊन पट्टीत पडला. मिरचीच्या रिकाम्या वाफ्यांतून तो धो धो खाली गेला. तासभर तसाच चालला. बारा वर्षांत व्यंकटीनं त्या झिऱ्याला एवढं पाणी बघितलं नव्हतं.

म्याडम तीन वाजता पोहोचली. तिच्या आधी बातमी गावात फिरली होती, त्यामुळं तलाठी होता, आप्पा होते, निम्मं गाव होतं. ती कुणाशी न बोलता सरळ भेगेजवळ गेली, टेपनं मोजलं, फोटो काढले, मग झिऱ्याच्या तोंडाशी येऊन ओला गेरू चिमटीत धरून चोळला. तिचा चेहरा उतरला होता.

"म्याडम, ह्योच मानूस तुम्हाला कोरडा म्हनला का न्हाई?" आप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "आता ह्याच्या सांगण्यावर तुम्ही कागद बदलणार? गायरान खाल्लेला मानूस हाय ह्यो. बारा साल सरकारचं पानी चोरलंय."

लोकांनी व्यंकटीकडं बघितलं. ज्यांच्या बाया उन्हाळ्यात कोसभर पाण्याला जायच्या ते त्यात होते. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर सोपं गेलं असतं. धोंडाबाई म्हणून एक म्हातारी होती, ती एवढंच म्हणाली, "धुरपते, एक हंडा तरी देत जायचीस गं." धुरपतानं पदर तोंडाला लावला.

"यांच्या सांगण्यावर नाही, डोळ्यासमोर दिसतंय त्यावर बदलतेय," म्याडम म्हणाली. "आणि चूक माझीही आहे. एक कोरडा बोअर बघून मी विश्वास ठेवला. वारूळ म्हणाले, मी खड्डा सरकवला. सरकवायला नको होता." ती तिथंच दगडावर बसून अर्धा तास आकडे मांडत राहिली. मग उठून टेप व्यंकटीच्या हातात दिला. "मामा, धरा. काठापासून."

सत्तर मीटरच्या खुंट्या मागं पडल्या. पट्टी मागं पडली. नव्वदला घराची मागची भिंत आली, मग अंगण, मग गोठा, मग खालचा गाडीरस्ता. एकशे साठला ती थांबा म्हणाली.

"इथपर्यंत. आप्पा, आता या बाजूनं खदान होणार नाही. माझ्या कागदात तेच येईल, पुढं ऑफिस बघेल." मग व्यंकटीकडं वळून ती हळू बोलली. "पण मामा, रेघेच्या आत तुमचं घर आहे. खदान नसली तरी भेग आहेच. दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून देते, रोज मोजायचं. दिवाळीपर्यंत वाढली नाही तर राहायला या. दर पावसाळ्यात मात्र बाहेर."

आप्पा जीपमध्ये बसून निघून गेले. तलाठ्यानं शाळेच्या टेबलावर पंचनामा लिहिला. गायरानात अतिक्रमण, बेकायदेशीर पाणीउपसा, मौजे माळेवाडी. व्यंकटीला वाचता येत नव्हतं. "कुठं?" त्यानं विचारलं आणि तलाठ्यानं बोट ठेवलं तिथं अंगठा दिला. अंगद बाहेर पडून ओढ्याकडं निघून गेला होता.

सुनावणीत खदानीचा अर्ज नामंजूर झाला. महिन्याभरात पट्टीभोवती ग्रामपंचायतीचं तारेचं कुंपण पडलं, झिऱ्याखाली सिमेंटची टाकी बांधली, आणि गावच्या बाया तिथं पाण्याला येऊ लागल्या. धुरपताही त्यांच्यात रांगेला उभी राहायची. पहिले आठ दिवस तिच्याशी कुणी बोललं नाही, मग बोलायला लागल्या.

दिवाळीच्या चार दिवस आधी सगळे शाळेच्या वऱ्हांड्यातून घरी परत आले. भिंती जागेवर होत्या, पत्रा जागेवर होता. पाळणा पुन्हा त्याच आढ्याला बांधला. पंचनाम्याच्या दिवसापासून अंगद बापाशी कामापुरतं बोलायचा. एका सकाळी व्यंकटी भेग मोजून माळावरून उतरत होता तेव्हा तो दारात दात घासत उभा होता.

"चार बोटं होती, चारच हायत," अंगद म्हणाला. "महिना दीड महिना झाला. माळ काय पडला न्हाई. कशासाठी घालवलाव पट्टी?"

व्यंकटी उभा राहिला.  न पडलेला माळ दाखवायचा कसा? त्याला वाटलं म्हणावं, तू पोरगं घेऊन ह्या घरात झोपायलास, त्यासाठी घालवलो. पण तो पोराच्या बाजूनं आत गेला.

धुरपता चुलीपुढं बसली होती. दीड महिन्यात तिचा एक नेम पडला होता. नवरा माळावरून येईस्तोवर ती तवा चुलीवर ठेवत नसे. पीठ मळून ठेवायची, लाकडं सारायची, पण तवा बाजूला.

"किती?" तिनं न वळता विचारलं.

"चारच."

"नीट बघितलाव?"

"दोन्हीकडनं बघितलो."

धुरपतानं तवा उचलून चुलीवर ठेवला आणि पहिली भाकर थापायला घेतली.